कामाला पोरगा, सहीला काका

कोल्हापूर,
आषाढ अमावास्या

प्रिय बयो,

आज आमचे हे आणि धाकटे भावजी सकाळपासून मटणाच्या दुकानापुढच्या रांगेत उभे आहेत. उद्या श्रावण लागतोय, म्हणजे सगळ्या गावाला एकाच दिवशी मटण हवं. दोन तास तरी कुणी घरी फिरकत नाही, तेव्हा म्हटलं निवांत तुझ्या पत्राला उत्तर लिहावं. पावसाचं विचारशील तर राजाराम बंधारा पाण्याखाली गेलाय आणि जो तो उठल्यासुटल्या 'आज किती फूट?' एवढंच विचारतोय. ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे आता इथलं अंगणवाडीतलं पोरसुद्धा सांगेल. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी एवढं तरी शिकवलं.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा हसत, एकदा जरा गंभीरपणे. लेक सतराव्या वर्षी तिकडे जर्मनीत दुसऱ्या शहरात खोली घेऊन राहायला निघाली, कारखान्यात काम शिकणार, आठवड्यातून दीड-दोन दिवस शाळा, उरलेले दिवस यंत्रांपुढे, आणि पहिल्या महिन्यापासून पगार. त्या आउसबिल्डुंगच्या, म्हणजे काम शिकण्याच्या, करारावर तुम्हा दोघांच्या सह्या लागल्या, कारण ती अजून अठराची नाही. पण तिची स्वतःची सहीही त्याच कागदावर आहे, आणि ती करताना तिनं तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, याचं तुला वाईट वाटलं. 'फार लवकर मोठी झाली गं,' असं लिहिलंयस. आणि खाली, 'तुमच्या पुतण्याचं कसं चाललंय? तोही सोळाव्या वर्षीच मोठा झाला ना, त्याचं ऐकलं की मला धीर येईल.'

धीर येईल की नाही, सांगता येत नाही. पण त्याचं सविस्तर लिहिते, कारण फोनवर मी तुला नेहमी अर्धंच सांगते. फोन करते तेव्हा घरात कुणी ना कुणी असतंच.

त्याचे वडील, आमचे थोरले भावजी, गेले ते ऐन हंगामात. ऊस उभा, कारखान्याची तोड यायची होती, आणि दहा दिवसांत दिवस-कार्य आटपून पोरगा टोळीच्या मागे लागला. अकरावी सायन्सला होता. आपल्याकडे तोड यायची म्हणजे काय, हे तू विसरली असशील. नोंद कारखान्याकडे असते, क्रम कागदावर असतो, पण प्रत्यक्षात टोळीच्या मुकादमाला धरा, चिटबॉयला धरा, ट्रॅक्टरवाल्याची 'एन्ट्री' द्या, तोडणाऱ्यांची 'खुशाली' द्या. मोठमोठे बापे यात रडकुंडीला येतात. हे पोर मिसरूडसुद्धा न फुटलेलं, मुकादमाशी घासाघीस करत होतं. त्यात शेतीची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात हा बॅटरी घेऊन दारं धरायला जायचा आणि सकाळी तसाच एसटीनं कॉलेजला. वर्गात झोपायचा म्हणून तक्रार आली. ती ऐकायला कोण गेलं? हाच गेला. बाप नाही, आई तेव्हा घराबाहेर पडत नव्हती, म्हणून स्वतःची तक्रार स्वतःच ऐकून आला. सांगताना हसत होता, मला हसू आलं नाही.

आता कागदाची गोष्ट ऐक, कारण खरी गोम तिथं आहे. माणूस गेला की वारस नोंद घालावी लागते. अर्ज तलाठ्याकडे (सरकारनं २०२४ मध्ये त्यांना ग्राम महसूल अधिकारी केलं, गाव अजून तलाठीच म्हणतं), मग पंधरा दिवसांची नोटीस, कुणाची हरकत नाही आली तर मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात, आणि मग सातबाऱ्यावर नावं चढतात. आमच्या जाऊबाईंचं नाव चढलं, पोराचं चढलं, धाकटीचं चढलं. पण मुलांच्या नावांपुढे अ.पा.क. आई. म्हणजे अज्ञान, आणि पालनकर्ती आई. हे वाईट नाही हं. कायदा शहाणा आहे. १९५६ चा पालकत्वाचा कायदा सांगतो की अज्ञान मुलाच्या वाट्याची जमीन आईलासुद्धा कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. या एका कलमानं किती पोरक्या पोरांची रानं वाचली असतील, याची गणती नाही. आमच्याही भावकीत एकाचा डोळा होता रस्त्याकडेच्या तुकड्यावर. कोर्टाचं नाव काढलं तसा डोळा वळला.

पण कायद्यानं आईला पालनकर्ती केलं आणि घरानं केलं काकांना. बैठक बसली, चहा झाला, आणि ठरलं की 'पोरगं लहान आहे, सोसायटीचं कर्ज, कारखान्याचं बिल, सगळं थोरल्यांनी बघायचं.' थोरले म्हणजे आता आमचे हे. हेतू वाईट नव्हता, हे मी देवळात उभं राहून सांगेन. पै-पैचा हिशेब वहीत आहे. पण बघ ना, रात्री अकराला पाणी पाजायला पोरगा मोठा. मुकादमाला शोधायला मोठा. आजीला दवाखान्यात न्यायला, बहिणीच्या फीला, दिवाळीत आईला हसतं ठेवायला मोठा. आणि खोडवा ठेवायचा की मोडायचा, हे विचारायची वेळ आली की तो लहान! कामाला पोरगा, सहीला काका. मी आमच्या ह्यांना एकदा असंच बोलले, तर म्हणाले, तुला व्यवहार कळत नाही. सत्तावीस जणांचं खटलं चालवते मी सणावाराला, पण असो.

बयो, मला हल्ली वाटतं की आपल्याकडे 'लवकर मोठं होणं' म्हणतात ते बहुतेक वेळा हेच असतं. ओझं मोठ्याचं, शब्द लहानाचा. आणि मग आल्यागेल्यानं म्हणायचं, 'किती समंजस पोर!' मला या शब्दाचा आता राग येतो. समंजस म्हटलं की त्या पोराला थकायची सोय राहत नाही. तो तालमीत जायचा, आठवतंय? तू आलीस तेव्हा अंगणात जोर काढून दाखवत होता. मातीतली कुस्ती, गंगावेशीत सराव करायची स्वप्नं. वडील गेल्यावर लंगोट जो खुंटीला लागला तो लागलाच. कुणी 'जाऊ नको' म्हणालं नाही. त्यानंच वेळ बघितली आणि सोडलं. समंजसच ना.

इतिहासात आपण अशा पोरांचे पोवाडे गातो. थोरले माधवराव घे. पानिपतावर थोरला भाऊ विश्वासराव पडला, काही महिन्यांत वडील नानासाहेब गेले, आणि १७६१ मध्ये सोळा वर्षांच्या पोराच्या अंगावर पेशवाईची वस्त्रं आली. कर्ज डोक्यावर, निजाम दारात, हैदर दक्षिणेत. शाळेत आपण इथवर शिकतो आणि मग थेट राक्षसभुवनच्या विजयावर उडी मारतो. मधलं कुणी सांगत नाही. मधे काका होते. कारभार राघोबादादांच्या हाती, वस्त्रं पुतण्याच्या अंगावर. पोरगा स्वतःचं डोकं चालवायला लागल्यावर काका फौज घेऊन उभे राहिले, तेही निजामाची मदत घेऊन. १७६२ च्या आळेगावच्या लढाईत माधवरावाला माघार घ्यावी लागली, आणि तेव्हा त्यानं काय केलं? राज्य दुभंगू नये म्हणून स्वतः होऊन काकांच्या स्वाधीन झाला. सतरा वर्षांचा! मला राक्षसभुवनपेक्षा हे मोठं वाटतं. लढायला शौर्य लागतं, पण आपलं बरोबर आहे हे माहीत असताना काकापुढे जाऊन उभं राहायला काय लागत असेल, ते आमच्या स्वयंपाकघरात मी बघितलंय. पुढं १७६३ त राक्षसभुवन, मग हळूहळू सगळी सूत्रं त्याच्या हातात, आणि १७६८ मध्ये धोडपला काकांचा पराभव करून त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं. १७७२ त थेऊरला क्षयानं गेला तेव्हा वय सत्तावीस. आयुष्याची अकरा वर्षं कारभाराची, आणि त्यातली बरीचशी शत्रूपेक्षा घरातल्याशी झुंजण्यात गेली.

याच्या उलट आपले शाहू महाराज. वयाच्या दहाव्या वर्षी, १८८४ ला, कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक आले. गादीवर आले, पण लगेच कारभार दिला नाही. आधी राजकोटला शिक्षण, मग धारवाडला फ्रेझरसाहेबाच्या हाताखाली, मधे देशभर प्रवास. संस्थानाचा कारभार तोवर मंडळ बघत होतं. आणि २ एप्रिल १८९४ ला, वीस वर्षंही पुरी झाली नव्हती, तेव्हा अधिकार दिला तो पुरता दिला. ब्रिटिशांची अंगठ्याखाली ठेवायची हौस सोड, पण निदान घरचा कुणी काका मागून हात धरून नव्हता. अठ्ठाविसाव्या वर्षी, १९०२ ला, निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवायचा हुकूम याच माणसानं काढला. तुला आठवतं, आपण होस्टेलच्या गच्चीवर बसून म्हणायचो की शाहू महाराजांनी बोर्डिंगं काढली नसती तर आपले बाप शिकलेच नसते? १९०१ पासून त्यांनी ती काढायला सुरुवात केली, म्हणजे तेव्हा तेही तिशीच्या आतच होते.

आणि लताबाई. १९४२ च्या एप्रिलमध्ये मास्टर दीनानाथ गेले तेव्हा त्या बारा-तेरा वर्षांच्या, मागे चार भावंडं आणि आई. मास्टर विनायकांच्या कंपनीत कामाला लागल्या, आपल्या कोल्हापुरातच, पडद्यावर छोट्या-छोट्या भूमिका करत. तोंडाला रंग लावून कॅमेऱ्यापुढे उभं राहणं त्यांना आवडायचं नाही, हे त्यांनी नंतर सांगितलं आहे. पण भावंडं होती. आता आपण म्हणतो, काय नशीब, त्यामुळे लता मंगेशकर मिळाली. मला असं म्हणवत नाही. त्यांच्याबरोबर त्याच काळात बाप गमावलेल्या आणि गाणं नसलेल्या किती पोरी कुठं कुठं कामाला लागल्या असतील, त्यांचं नाव कुणी घेत नाही.

असो. भरकटले. पुतण्याचं सांगत होते.

बदल झाला तो जाऊबाईंमुळे, आणि तो अगदी गुपचूप झाला. बाहेर न पडणारी ही बाई. एक दिवस दूध संस्थेचं दहा दिवसांचं बिल आलं, ते तिनं थेट पोराच्या हातात दिलं. म्हणाली, 'म्हशी तुझ्या. पेंड तू आण, बिल तू घे, विकायचं-घ्यायचं तू बघ. मला विचारायचं असेल तर विचार, नाही विचारलंस तरी जेवायला वाढीन.' मी तिथंच ओट्याशी उभी होते. एवढं लांब वाक्य तिच्या तोंडून मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं.

पोरानं काय केलं असेल? पहिल्याच वर्षात घरची एक सरळ, ओळखीची म्हैस विकली आणि बाजारातून मोठ्या ऐटीत मुऱ्हा आणली. बैठक हादरली. काका लोक म्हणाले, फसणार. आणि फसलाच! दाखवताना जेवढं दूध सांगितलं होतं त्याच्या निम्मंही ती देईना, वर लाथ मारायची. सगळ्यांचे डोळे जाऊबाईंकडे, की आता बिल परत हातात घेणार. ती फक्त म्हणाली, 'पुढच्या वेळी दोन्ही वेळची धार समोर काढून बघ.' संपलं. बिल त्याच्याचकडे राहिलं. तू विचारशील, यात काय मोठं? अगं, आपल्या घरांत पोरांना चुकायला परवानगी नसते. चुकलं की हातातलं काढून घेतात, आणि मग वयाच्या चाळिशीत पहिल्यांदा मोठी चूक करायची पाळी येते, तेव्हा सावरायला कुणी उरलेलं नसतं.

तुझ्या पत्रात तिकडच्या कायद्याचं लिहिलं होतंस, ते मी सगळ्यांना वाचून दाखवलं. सात वर्षांवरच्या मुलानं स्वतःच्या खाऊच्या पैशांतून केलेली खरेदी तिथं कायदेशीर धरतात म्हणे. चौदाव्या वर्षी धर्म कुठला पाळायचा हे स्वतः ठरवायचं, सोळाव्या वर्षी बिअर, अठराव्या वर्षी सगळं. बिअरवर आमचे हे खूश झाले. मला आवडली ती पायरी-पायरीची रीत. पीठ कालवताना पाणी घालतात तसा अधिकार थोडा-थोडा ओतायचा, एकदम ओतला की गुठळ्या. आणि आपल्याकडे अगदीच काही नाही असं नाही गं. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या सहीनं बचत खातं चालवू द्यायला रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे. पण माझ्या शाळेतल्या किती मुलांचं पासबुक त्यांच्या स्वतःच्या दप्तरात असेल? मी आठवीच्या वर्गात विचारलं, तर एक मुलगी म्हणाली, 'बाई, माझ्या खात्यावर शिष्यवृत्ती येते, पण किती येते ते पप्पांना विचारावं लागेल.'

मुलींचं तर बोलायलाच नको. आठव्या वर्षी भाकरी थापते, बाराव्या वर्षी धाकट्याला सांभाळते, आणि चोविसाव्या वर्षी कुठल्या गावात राहायचं हे ठरवायला अख्खं पै-पाहुणं बसतं. १९८९ पासून अठराव्या वर्षी मत द्यायचा हक्क आहे, पण मत कुणाला द्यायचं हेसुद्धा कित्येक घरांत जेवणाच्या ताटावर ठरतं. तुझी लेक तुझ्याकडे न बघता सही करून मोकळी झाली. रुसू नकोस. बघत राहिली असती तर तुला आत्ता बरं वाटलं असतं, पुढं वाटलं नसतं.

पुतण्या अठराचा झाला त्याच महिन्यात स्वतः अर्ज घेऊन गेला, जन्माचा दाखला जोडून, की माझ्या नावापुढचा अ.पा.क. शेरा काढा. कुणी सांगितलं नव्हतं. पुन्हा नोटीस, पुन्हा मंडळ अधिकारी, आणि नवा सातबारा. तो घेऊन काकांच्या पाया पडायला आला, पेढे घेऊन. आमच्या ह्यांनी कारखान्याच्या बिलाची वही त्याच्यापुढं ठेवली. तेही तसे मनानं मोठे आहेत, फक्त वेळ लागतो. पण त्यानं काय केलं माहितेय? वही चाळली, एक शब्द न बोलता सगळं वाचलं, आणि मग दोन ठिकाणी बोट ठेवून विचारलं, 'काका, हे काय?' ठिबकच्या खर्चाचं काहीतरी होतं. त्याचं उत्तर होतं, बरोबरही होतं. पण प्रश्न विचारला गेला! मी आत कुकरची शिट्टी होऊ दिली, बाहेर जायचं टाळलं.

बारावी झाला. बी.एस्सी.ला घातलंय, पण जाणं-येणं बेताचंच आहे. शेतात अर्ध्या रानात ऊस ठेवून उरलेल्यात भाजीपाला करायचं म्हणतोय. काका लोकांना पटलेलं नाही. ऊस बुडवत नाही, हे त्यांचं पालुपद. मलाही नक्की सांगता येत नाही कोण बरोबर आहे. टोमॅटो रस्त्यावर ओतायची पाळी आलेली माणसं मी बघितली आहेत. पण निर्णय त्याचा आहे. तालमीत मात्र परत गेला नाही. विचारलं तर म्हणतो, 'काकू, आता वय गेलं.' वीस वर्षांचं पोर असं बोलतं तेव्हा कौतुक करू की काय करू, तूच सांग.

आता तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं. तू सहज विचारल्यासारखं लिहिलंस, पण मला ते पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. भावांनी हक्कसोडपत्राचा मसुदा पाठवलाय आणि 'सही करून टाकू का, बोलाचाली नको,' असं तू म्हणतेस. बाई, तू बावन्नची आहेस! २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला मुलाइतकाच जन्मानं हिस्सा आहे, आणि बाप तेव्हा हयात होता की नव्हता याचाही प्रश्न सुप्रीम कोर्टानं २०२० त निकालात काढला. सोडायचा तर खुशाल सोड. भावांवर माया असेल, तुला तिथं काही कमी नसेल, तर सोडणंही तुझा निर्णय आहे आणि मी त्याला हसणार नाही. पण आधी कुठल्या गटाचा किती हिस्सा ते सातबाऱ्यावर बघ. महाभूलेखवर जर्मनीत बसूनही दिसतो. मसुदा मला पाठव, मी आपल्या वकीलबाईंना दाखवते. आणि कुलमुखत्यारपत्र कुरियरनं पाठवून मोकळी होऊ नकोस, मग भावांनी तुझ्या नावानं काय केलं ते तुला वर्षानं कळेल. त्यापेक्षा दिवाळीत ये. दुय्यम निबंधकाकडे स्वतः जाऊन काय ते कर, मी बरोबर येते. येताना लेकीला आण, तिला रजा मिळत असेल तर. आपली आई काय वाचून सही करते ते तिलाही बघू दे.

रांगेतले वीर आले वाटतं, पिशवी दणकून ठेवली कुणीतरी. आता वाटण वाटायला बसते.

तुझी,
मी

ता.क. लेकीच्या खोलीवर एकच शेगडी आहे म्हणालीस. कांदा-लसूण मसाला पाठवतेय, दोन डबे. एक तिला दे, पूर्ण. चमच्यानं काढून देऊ नकोस.